दाजी तोंड उघडत नाहीत

देवाने पाणघोडा घडवला, वर त्याची तोंडभर स्तुती केली आणि त्याचे दात घासायचं काम मात्र आपल्या गळ्यात टाकून स्वतः विश्रांतीला निघून गेला, अशी राखणदाराची ठाम समजूत होती. रोज सकाळी साडेनऊला तो प्राणिसंग्रहालयातल्या त्या जाडजूड गजांपाशी उभा राहायचा. एका हातात गाजरांची बादली, दुसऱ्या हातात लांब दांड्याचा ब्रश. ब्रश संडास घासायचाच होता. दुसरा कुठला त्या दातांना पुरलाच नसता.

पाणघोड्याचं पाटीवर लिहिलेलं नाव काहीतरी परदेशी होतं, पण तिथे कामाला असणारे सगळे त्याला दाजी म्हणत. हे नाव राखणदारानेच ठेवलं होतं. पोटभर खायचं, दिवसभर लोळायचं, कुणी काही सांगायला गेलं की फुरफुरायचं, आणि तरी सगळ्यांनी मान ठेवायचा, असा प्राणी प्रत्येक घरात एक असतोच. राखणदाराच्या ताईला हे नाव फार आवडायचं. ताईच्या नवऱ्याला त्यामागचं कारण कुणी सांगितलं नव्हतं.

दाजींचं वजन दोन हजार किलो. मनात आणलं तर माणसाचे दोन तुकडे करतील. पण राखणदाराने एक विशिष्ट शब्द उच्चारला की दाजी पाण्यातून वर येत, गजांना नाक टेकवत आणि मोटारीचं मागचं झाकण उघडावं तसा जबडा उघडून गप उभे राहत. तो शब्द होता ‘आमेन’.

आता हे काय खूळ, असं कुणालाही वाटेल. जनावराला शिकवायचं ते शिट्टीने, अशी सगळीकडची पद्धत आहे. उद्या माणूस बदलला तरी शिट्टी तीच राहते आणि कुणीही वाजवू शकतो. राखणदाराला हे चांगलं माहीत होतं. सरकारी शिट्टी त्याच्या खणात पडून होती. पण सहा वर्षांपूर्वी त्याच्या डोक्यात राग होता, आणि रागावलेल्या माणसाला शिट्टी वाजवून समाधान मिळत नाही.

तो राग बापावर होता. बाप पाळक. चाळीस वर्षं एकाच चर्चमध्ये उभं राहून त्याने लोकांचे बाप्तिस्मे केले, लग्नं लावली आणि मातीही दिली. त्याचं सगळ्यात गाजलेलं प्रवचन ईयोबावरचं. ईयोब म्हणजे बायबलमधला तो भला माणूस. त्याची गुरंढोरं, पोरंबाळं, सगळं एका दिवसात गेलं, वर अंगभर फोड उठले. त्याने देवाला एकच विचारलं, माझं चुकलं काय? मग देव वादळातून बोलायला लागला. पण उत्तर दिलं नाही. उलट यालाच विचारलं, की बाबा रे, तो बेहेमोथ, म्हणजे पाणघोडाच, बघितलास का? नळ्यांसारखी हाडं, गंधसरूच्या झाडासारखी शेपूट! आणि तो समुद्रातला लिव्याथान? त्याला गळ टाकून ओढशील का? मी घडवलंय त्यांना, माझ्याशिवाय कुणाची टाप नाही जवळ जायची! इथे आल्यावर पाळकाचा आवाज असा काही चढायचा, की पुढच्या बाकावरची म्हातारी माणसं दचकून जागी व्हायची.

राखणदाराची बायको तीन आठवड्यांच्या तापाने गेली. चौतिसाव्या वर्षी. मातीच्या दिवशी, अजून फावडी बाजूला ठेवली नव्हती तेव्हा, त्याने बापाला विचारलं होतं, “बाबा, का?” आणि बापाने पुस्तक उघडून बेहेमोथ वाचायला घेतला. तो संपल्यावर लिव्याथान. खवल्यांसकट, दातांसकट, नाकातल्या धुरासकट. पाऊण तास लोक उन्हात उभे होते.

“मी बायकोचं विचारलं,” राखणदार त्या संध्याकाळी ताईला म्हणाला, “आणि त्यांनी मला जनावरं दाखवली. जनावरं मी रोज बघतो. पगार घेऊन बघतो.”

त्यानंतर तो बापाशी एक शब्द बोलला नाही. बाप ताईकडे राहायचा, तीन गल्ल्या पलीकडे. सणावारी ताई दोघांना वेगवेगळ्या वेळी जेवायला बोलवायची.

आणि कामावर परत आला त्या आठवड्यात त्याने दाजींना शिकवायला घेतलं. बापाच्या हुबेहूब आवाजात. आधी दोन मिनिटं खर्जातली प्रार्थना, मग पोटातून निघालेला, मध्येच वर चढून तिथेच थांबलेला आणि मग जड झाकण पडावं तसा खाली येणारा ‘आऽऽमेन’. देव म्हणतो ना, याच्याजवळ जायची कुणाची टाप नाही? बघ म्हणावं. टाप आहे, ब्रशही आहे. रोज सकाळी बाप आणि देव अशी दोघांची एकदम खोड काढून राखणदार ताजातवाना व्हायचा. पुढे पुढे रागाची धार गेली आणि नुसती सवय उरली, पण शब्द तोच राहिला.

मग यंदा त्याचा घसा बसला. बसला तो उठेचना. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, स्वरयंत्रावरची छोटीशी गाठ काढली आणि बजावलं, “पंधरा दिवस शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही. बोललात तर आवाज कायमचा जाईल.” राखणदाराने गळ्यात एक पाटी अडकवली आणि खडूने बोलायला लागला.

चौथ्या दिवशी दाजींनी खाणं सोडलं. डावा गाल सुजला होता. खालचा सुळा मुळाशी तडकला असावा, पाण्यावर पिवळट तवंग येत होता, आणि वास असा की शेजारच्या पिंजऱ्यातली माकडं भिंतीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. गुरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्या तरुण होत्या, चटपटीत होत्या, आणि त्यांना खोटा धीर देता येत नसे.

“आत पू साठलाय. तोंड उघडून सुळा कापायचा, जखम धुवायची, की झालं. पण तोंड उघडायला हवं.”

राखणदाराने पाटीवर लिहिलं, ‘भुलीचं इंजेक्शन?’

“पाणघोड्याला? अर्धी भूल चढली की हा पाण्यात जाणार, आणि तिथेच झोपला की बुडणार. बाहेर पडला तरी श्वास थांबायची भीती. दोन दिवस वाट बघते. नाहीतर इंजेक्शन, मग जे होईल ते.”

जे होईल ते म्हणजे काय, हे दोघांनाही कळत होतं. राखणदार त्या दिवशी जेवला नाही. एकोणीस वर्षांपूर्वी दाजी त्याच्या गुडघ्याएवढे होते, आणि त्याच्या बायकोने त्यांना पहिली बाटली पाजली होती.

दोन दिवस सगळ्यांनी आमेन म्हणून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनी म्हटलं, झाडूवाल्याने म्हटलं, तिकीट देणाऱ्या बाईने तर गाऊन म्हटलं. कुणाच्या तरी फोनमध्ये राखणदाराचं जुनं चित्रण सापडलं, तेही मोठ्याने लावलं. दाजींनी त्या फोनकडे पाठ फिरवली आणि शेपटी हलवून आपलं मत भिंतीवर नोंदवलं. राखणदाराने शिट्टीही वाजवून पाहिली. ती ऐकून दाजींनी फक्त कान पुसल्यासारखे हलवले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “हा आवाज तुम्ही कुणाचा काढायचात?”

राखणदाराने खडू उचलला. पुन्हा ठेवला. पुन्हा उचलला. जनावराचा जीव आणि आपलं नाक यांत मोठं काय, हे ठरवायला त्याला लाज वाटेल इतका वेळ लागला. मग त्याने एक फोन नंबर लिहिला. ताईचा.

सकाळी ताई म्हाताऱ्याला घेऊन आली. पाळकाने काळा कोट घातला होता. ताईने त्याला फक्त “एका आजाऱ्यासाठी प्रार्थना करायची आहे” एवढंच सांगितलं होतं, आणि त्यात खोटं काही नव्हतं. मुलगा समोर दिसताच म्हातारा थबकला. मुलाने बादलीत पाहिलं. ताई “मला दळण आणायचंय” म्हणाली आणि सटकली. तिला अशा वेळी नेहमी काहीतरी आणायचं असायचं.

“आजारी कोण?” पाळकाने विचारलं.

“तो,” डॉक्टरीणबाईंनी बोट दाखवलं. पाण्यावर दोन कान आणि दोन डोळे होते. “काका, स्पष्टच सांगते. यांनी त्याला ‘आमेन’ म्हटल्यावर तोंड उघडायला शिकवलंय. यांचा आवाज गेलाय. आणि यांचा आवाज म्हणजे मुळात तुमचा.”

“माझा?”

“नक्कल करायचे तुमची. हुबेहूब करतात म्हणे.”

बाई कामाच्या चांगल्या, पण जिभेला आवर म्हणून नाही. राखणदाराला वाटलं, आपणच आता पाण्यात जाऊन बसावं.

पाळकाने पाण्यावरच्या त्या दोन कानांकडे पाहिलं. मग म्हणाला, “किती वर्षं?”

राखणदाराने एक पंजा आणि एक बोट वर केलं.

“रोज?”

“रोज. रविवारीसुद्धा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे माझ्या चर्चपेक्षा याची हजेरी चांगली,” म्हातारा म्हणाला. तो चिडला होता की नाही, हे त्याच्या तोंडावरून कळेना. त्याने कोटाची बटणं लावली आणि गजांपाशी गेला.

पहिली प्रार्थना इतकी बारीक झाली की ती देवापर्यंत सोडाच, दाजींपर्यंतही पोचली नाही.

“काका, चर्चमध्ये म्हणता तशी म्हणा हो.”

पाळकाने घसा खाकरला. आणि मग तो आवाज निघाला. राखणदाराने सहा वर्षं ज्याची थट्टा केली तो खरा, मूळचा आवाज. प्रवासातल्यांना सुखरूप ठेव, आऽऽमेन! पाणी दुभंगलं. आधी डोकं, मग मान, मग ती सगळी करडी-गुलाबी भिंत वर येत गेली, आणि म्हाताऱ्याच्या नाकापासून हातभर अंतरावर दाजींनी जबडा उघडला.

चाळीस वर्षं ज्याच्यावर प्रवचन केलं तो प्राणी पाळकाने आजवर चित्रातसुद्धा नीट पाहिला नव्हता. तो दोन पावलं मागे सरला आणि त्याने डॉक्टरीणबाईंचा दंड धरला. “अरे देवा!”

जबडा फटकन मिटला.

“ते नको, काका! आमेनच म्हणा. दुसरं काही ऐकलं की तो बिथरतो.”

मग काम सुरू झालं. एका आमेनला दाजी अर्धं मिनिट तोंड उघडं ठेवत, मग मिटून गाजर मागत. पुन्हा प्रार्थना, पुन्हा आमेन. डॉक्टरीणबाई करवतीची तार सुळ्याभोवती घालून ओढत होत्या, राखणदार नळीने पाणी मारत होता. पाळकाने आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, मग कैद्यांसाठी, मग गरोदर बायांसाठी. राज्यकर्त्यांना सुबुद्धी मागितली, चर्चच्या गळक्या छतासाठी पत्रे मागितले, बेसूर गाणाऱ्या मंडळींना सूर मागितला. मध्येच दाजींनी वळून शेपटी फिरवली आणि शेणाचा सडा काळ्या कोटावर उडाला. पाळकाने आधी कोटाकडे पाहिलं, मग शेपटीकडे. ती हातभरही नव्हती.

“हीच का ती?” तो म्हणाला. “गंधसरूसारखी?”

राखणदाराने मान डोलावली. त्याला हसू येत होतं आणि ते आवाज न करता आवरायचं म्हणजे भलतंच कठीण होतं.

वीस-बावीस आमेन झाले आणि म्हाताऱ्याच्या प्रार्थना संपल्या. सुळा कापून झाला होता. पण आता आतला पू वाहायला लागला होता, आणि नळी आत धरून ठेवायला हवी होती.

“काका, बोला! आता थांबलात तर सगळं आत राहील!”

पाळकाने ओठ हलवले. मग तो गज धरून, दाजींच्या त्या बारक्या डोळ्यांकडे बघत, त्याच खर्जात बोलायला लागला.

“प्रभू, माझी सून गेली त्या दिवशी याने मला विचारलं, का. मला माहीत नव्हतं. चाळीस वर्षं लोकांच्या घरी जाऊन सांत्वन केलं, आणि माझ्या घरात मला एक शब्द फुटेना. म्हणून मी मोठं जनावर पुढे केलं आणि त्याच्या आड उभा राहिलो. आमेन.”

दाजींनी तोंड उघडलं. राखणदाराने नळी आत धरली.

“ती दवाखान्यात होती तेव्हा मला म्हणाली, बाबा, उद्या येताना बायबल नका आणू, पत्ते आणा. मी आणले. रोज दुपारी हा कामावर असताना आम्ही खेळायचो. लबाडी करायची ती. चादरीखाली एक्का लपवायची. मी कुणाला सांगितलं नाही. पाळक मरणाऱ्या माणसाच्या पलंगावर बसून पत्ते खेळला, हे सांगायचं कसं? आमेन.”

हे राखणदाराला माहीत नव्हतं. त्याला वाटायचं की बायकोच्या शेवटच्या दिवसांतला क्षण न् क्षण आपल्याला पाठ आहे. दुपारच्या वेळा त्याच्याकडे नव्हत्याच. तो तेव्हा इथे, याच गजांपाशी, रजा शिल्लक राहावी म्हणून काम करत होता. एवढं मात्र खरं होतं, की लबाडी ती घरीही करायची. एक्का उशीखाली ठेवायची.

“प्रभू, मी तुझ्यावर रागावलोय. अजून आहे राग. त्या ईयोबाला तू उत्तर दिलं नाहीस, नुसतं दमात घेतलंस. आणि मी चाळीस वर्षं तुझी बाजू घेतली. आमेन.”

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली नाही, पण त्यांचं नाक लाल झालं होतं.

“आणि त्या दिवशी याला नुसतं जवळ घ्यायला हवं होतं. तेवढंच करायचं होतं. पुस्तक हातात होतं, ते खाली ठेवायला मला जमलं नाही. आमेन.”

राखणदाराच्या डोळ्यांसमोरचं सगळं पाण्यात गेलं. नळी कुठे धरली आहे हे त्याला दिसेना, आणि पाण्याची धार थेट दाजींच्या नाकात गेली. दाजी शिंकले. दोन हजार किलो शिंकले. तिघंही नखशिखान्त भिजले, पू, गाजर आणि शेवाळ यांनी. दाजी पाण्यात गेले आणि दोन दिवसांनंतर पहिल्यांदाच त्यांनी स्वतःहून एक कोबी फोडला.

“वाचला,” डॉक्टरीणबाई चेहरा पुसत म्हणाल्या. “पण दहा दिवस जखम धुवायची आहे. रोज. काका, जमेल ना?”

पाळकाने मुलाकडे पाहिलं. मुलाने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘साडेनऊ. कोट नको.’

दुसऱ्या दिवसापासून म्हातारा जुना सदरा घालून यायला लागला. आता नळी मारायला एकटा राखणदार पुरत होता, त्यामुळे डॉक्टरीणबाई उशिरा येत. बाप बोलायचा, दाजी तोंड उघडायचे. राज्यकर्ते आणि पत्रे यांची आठवण पुन्हा कुणी काढली नाही. म्हातारा सुनेचंच सांगायचा. तिने एकदा कसं प्रवचनाच्या मधोमध त्याला घड्याळ दाखवलं होतं. दवाखान्यातल्या परिचारिकेची चाल ती कशी हुबेहूब करून दाखवायची. एखादी गोष्ट अर्धी राहिली की राखणदार पाटी पुढे धरायचा, ‘पुढे?’ आणि पाळक म्हणायचा, “आधी आमेन म्हणू दे, तो तोंड उघडायला खोळंबलाय.”

सहाव्या दिवशी राखणदाराच्या पायावर भरलेली बादली पडली, आणि त्याच्या तोंडून एक शिवी बाहेर आली. स्वच्छ, खणखणीत. घसा दुखला नाही. त्याने इकडेतिकडे पाहिलं. दाजींशिवाय कुणी नव्हतं. साडेनऊला बाप आला तेव्हा राखणदार पाटी गळ्यात अडकवून, खडू हातात घेऊन, मुकाट उभा होता.

आठव्या दिवशी तो दाजींच्या कानामागे खराट्याने खाजवत त्यांच्याशी गप्पा मारत बसला होता, की आज म्हातारा बहुतेक त्या घड्याळाचीच गोष्ट पुन्हा सांगेल, तरी तू गुमान ऐक. तेवढ्यात दाराबाहेर कुणीतरी खोकलं. एकदा, मग मुद्दाम मोठ्याने, लांबलचक. पाळकाला खोकला कधी होत नसे. राखणदार गप्प झाला. बाप आत आला, त्याने पाटीकडे पाहिलं, “अजून बोलू नकोस हं, डॉक्टरांनी सांगितलंय,” असं बजावलं, आणि खर्जात सुरुवात केली.

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी विजेरी मारून सुळ्याचं मूळ पाहिलं. गुलाबी होतं. त्यांनी दाजींच्या ओठावर थाप मारली आणि हातमोजे काढले.

“झालं. एकदम छान भरून आलंय. काका, तुमचे उपकार. उद्यापासून तुमची सुटका.”

“हो का?” पाळक म्हणाला. त्याने सदऱ्याच्या बाह्या खाली घेतल्या. एक बटण लागेना, तेच तो लावत राहिला. “बरं झालं. चांगलंच झालं म्हणायचं.” मग तो दाराकडे निघाला.

“बाबा,” राखणदार म्हणाला.

सहा वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टरीणबाई वळून बघायला लागल्या. म्हातारा पाठमोराच थांबला.

“उद्या त्याची नखं आहेत.”

“नखं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पाणघोड्याच्या नखांना काय करायचं असतं? ती तर आपोआप...”

“बाई,” पाळक वळून म्हणाला, त्याच प्रवचनाच्या आवाजात, “चाळीस वर्षं या जनावराचा अभ्यास आहे माझा. नखांचं फार असतं.”

मग त्याने मुलाकडे पाहिलं.

“किती वाजता येऊ?”